पोरांचा पहारा

रंगनाथला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक त्याचा कांदा आणि दुसरं त्याचं बाळभजनी मंडळ. कांद्याचं निम्मं श्रेय तो पाटाच्या पाण्याला देऊन टाकी, पण मंडळाचं श्रेय वाटायची त्याची तयारी नव्हती. आणि का असावी? लिंबेवाडीचं थोरांचं भजनी मंडळ आजा-पणजापासूनचं असलं तरी त्यातले निम्मे खोकत आणि उरलेले पेंगत. दर सोमवारी महादेवाच्या देवळात बसून ते देवाला झोपवत की स्वतः झोपत, हे त्या देवालाच ठाऊक. रंगनाथनं दोन वर्षांपूर्वी गूळ-शेंगदाण्यांचं आमिष दाखवून गावातली पोरं गोळा केली, त्यांच्या हातात टाळ दिले आणि आपला दोस्त नबीलाल शिंपी याला ढोलकी घेऊन मध्ये बसवलं. सुरुवातीला कोल्हारला जाणारे-येणारे लोक रस्त्यात थांबून विचारत, देवळात मारामारी चाललीय का. मग हळूहळू सूर लागत गेला. एकाहत्तर साल उजाडलं तेव्हा शेजारपाजारच्या गावांतून मंडळाला बोलावणी येऊ लागली होती, आणि बोलावणं आलं की रंगनाथ असा फेटा बांधी की नवरदेवानं लाजावं.

मंडळात पोरी घेण्यावरून मात्र गावात चांगलंच वाजलं होतं. देवळाचे पंच काकासाहेब म्हणाले, पोरींनी चारचौघांत गळा काढणं बरं नव्हे, उद्या काही कमीजास्त झालं तर नाव गावाचं जाईल. तेव्हा रंगनाथची बायको केशरबाई पदर खोचून मध्ये पडली. केशरबाईशी वाद घालण्यापेक्षा भरल्या पाटात उलटं पोहणं सोपं, असं रंगनाथ म्हणे, अर्थात ती जवळपास नसताना. तिनं एक रीत घालून दिली. तालीम चालू असेतोवर झुंबरबाई देवळात बसेल, पोरी तिच्या नजरेसमोर बसतील आणि तालीम सुटली की ती एकेकीला जिच्या तिच्या उंबऱ्यात नेऊन सोडील. झुंबरबाई ही गावातली एकटी बाई. मूलबाळ नाही, तोंडानं फटकळ, आणि कुणाची भीडभाड न ठेवणारी. तिच्या पहाऱ्यातून पोर चुकवणं म्हणजे मांजरासमोरून दूध चोरणं. काकासाहेबांना मग बोलायला जागा उरली नाही. नबीलालनं तर आपली पोरगी जहिरा पहिल्याच दिवशी आणून बसवली, आणि लय धरण्यात तिचा हात कुणी धरीना.

पोरांचं काय, हे कुणी विचारलंच नाही. पोरगा म्हणजे सुटलेलं वासरू, अंधार पडला की आपोआप गोठ्यात येतं, असा गावाचा हिशेब होता.

मंडळातला सगळ्यात गोड गळा कानिफनाथचा. हा रंगनाथचा भाचा, अकरा वर्षांचा. रंगनाथची धाकटी बहीण साळूबाई कर्जतकडं दिलेली. तिकडं पावसानं पाठ फिरवलेली, विहिरींनी तळ दाखवलेला. तिनं कानिफला मामाच्या गावी आणून सोडलं आणि निघताना भावाला म्हणाली, दादा, हे लेकरू तुझ्या पदरात घातलं. पोरगं अबोल होतं, पण तोंड उघडलं की देवळातली कबुतरंसुद्धा गप बसत. पहिल्यांदा त्याला गाताना ऐकलं त्या दिवशी रंगनाथ घरी येऊन जेवलाच नाही, नुसता हसत बसला होता.

त्या वर्षी महाशिवरात्रीला गावात मोठा सप्ताह बसायचा होता, आणि त्यात पोरांचं भजन शेवटच्या दिवशी, पंचक्रोशीसमोर. रंगनाथची छाती दोन इंच फुगली आणि तेवढीच धडधडायलाही लागली. पोरांना कुणीतरी जाणता शिकवणारा हवा म्हणून तो चार गावं फिरला आणि मार्गशीर्षात मुकुंदबुवांना घेऊन आला. बुवा पूर्वी कुठल्याशा नाटक मंडळीत पेटी वाजवायचे. गोरेपान, गोड बोलणारे, धोतराची निरी कधी मोडायची नाही. देवळामागची खोली पंचांनी त्यांना राहायला दिली. महिन्याभरात त्यांनी मंडळाचा कायापालट केला, हे त्यांच्या वैऱ्यालाही नाकारता आलं नसतं. जी पोरं ओरडत होती ती गाऊ लागली. काकासाहेब स्वतः येऊन ऐकून गेले आणि जाताना डोळे पुसत गेले.

मग बुवांनी सांगितलं की कानिफचा गळा हा देवाघरचा आहे, त्याला वेगळी तालीम हवी. दुपारी शाळा सुटली की त्याला एकट्याला खोलीवर पाठवत जा. रंगनाथला आभाळ ठेंगणं झालं. तो रोज पोराच्या हाती बुवांसाठी दुधाचा तांब्या धाडू लागला. तालमीआधी गुरुसेवा, असा बुवांचा शिरस्ता होता. पाणी भरायचं, अंथरूण झटकायचं, पाय चेपायचे. एकदा कानिफनं जायला कुरकुर केली तेव्हा रंगनाथनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आरं, आमाला जल्मात गुरू गावला न्हाई. गुरूचे पाय चेपायला नशीब लागतं."

केशरबाईला मात्र हे पटेना. एकट्याच पोराला कशाला बोलावतात, असं तिनं दोनदा विचारलं. रंगनाथ म्हणाला, एका गळ्याकडं ध्यान द्यायचं तर तिथं जत्रा भरवून कसं चालेल? ती म्हणाली, "जहिराला बोलावलं असतं, तर तुमी झुंबरमावशीला संगं धाडलं असतं का न्हाई?" यावर तो मनापासून हसला. "पोरगा हाय त्यो," तो म्हणाला. "त्याला कोन पळवून नेतंय?" हातातलं काम पडलं होतं म्हणून केशरबाई उठून गेली.

माघ लागला आणि कानिफचा घसा बसला. आधी नुसता घोगरा झाला, मग वरचा सूर लागेना, आणि शेवटी तर तालमीत त्याच्या तोंडून वाऱ्यासारखा आवाज निघू लागला. अख्खं गाव वैद्य झालं. केशरबाईनं हळद-दूध दिलं, झुंबरबाईनं मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, नबीलालची बायको मेहताब अडुळशाचा काढा घेऊन आली आणि तो कडू काढा पोराच्या घशाखाली उतरेतोवर तिथून हलली नाही. ज्येष्ठमधाच्या काड्या चघळून चघळून पोराची जीभ पिवळी पडली. घसा काही उठेना. रंगनाथला घोर लागला. सप्ताह आठवड्यावर आलेला आणि मंडळाचा मुख्य गळाच बंद.

बुवा म्हणाले, यावर उपाय एकच. पहाटेच्या थंड हवेत रियाज. सप्ताह उठेपर्यंत पोराला माझ्याकडेच झोपायला पाठवा, आठवडाभरात घसा मोकळा करून देतो. रंगनाथनं दोन्ही हात जोडले आणि सोमवारपासून धाडतो म्हणून सांगितलं. घरी येऊन त्यानं पोराची वाकळ उन्हात टाकली. कानिफ ओट्यावर बसून वाकळेकडं बघत होता. तो काहीच बोलला नाही, पण घसा बसलेलं पोर काय बोलणार, असं रंगनाथला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ज्वारी हुरड्यात आलेली, पाखरांच्या झुंडी पडत होत्या, म्हणून कानिफला सकाळीच गोफण देऊन रानात माळ्यावर बसवलं होतं. दुपारी रंगनाथ त्याची भाकरी घेऊन निघाला. बांधावर आला आणि थबकला. समोरच्या उंच ज्वारीवरून पाखरं हाकलायची आरोळी आली, लांबलचक, खणखणीत, शेवटाला वर चढत जाणारी. असला आवाज कोणाचा, असं तो मनाशी म्हणतोय तोवर आरोळी संपली आणि त्याच गळ्यानं भजनाची चाल धरली. बुवांनी बसवलेली नव्हे, रंगनाथनं स्वतः शिकवलेली जुनी चाल. वरचा सूर असा लागला की रंगनाथच्या अंगावर काटा आला.

पहिल्यांदा त्याला आनंद झाला. घसा सुटला, महादेव पावला. दुसऱ्या क्षणाला डोक्यात तिडीक गेली. काल संध्याकाळी ज्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, त्याचा गळा एका रात्रीत असा सुटत नाही. म्हणजे पोरगं ढोंग करत होतं. साऱ्या गावाचे काढे पिऊन गावाला खेळवत होतं. तो ज्वारीतून ताटं मोडत तरातरा माळ्याखाली गेला. कानिफनं त्याला पाहिलं आणि चाल तोडली. "मामा," तो म्हणाला, आणि हा आवाज पुन्हा घोगरा होता.

"आत्ता गात हुतं ते कोन?" रंगनाथ म्हणाला. "पाखरं?"

कानिफ माळ्यावरून खाली उतरला. मारणार असं समजून त्यानं खांदे आधीच आवळून घेतले होते, आणि ते बघून रंगनाथचा राग जरासा ओसरला. त्यानं भाकरीचं फडकं खाली ठेवलं. कानिफ ज्वारीचं पान बोटाला गुंडाळत राहिला आणि पायाकडं बघून, आपल्या खऱ्या आवाजात बोलला.

"मामा, मला बुवांकडं निजायला धाडू नगा. ते दाराला कडी लावत्यात. पाय चेप म्हंत्यात, मंग जवळ निजायला लावत्यात. मला नगं वाटतं. कुनाला बोललास तर मंडळातनं काढीन म्हंत्यात. घसा बसला की तालीम नसती. मंग लवकर सोडत्यात."

रंगनाथ मटकन ढेकळांत बसला. त्यानं विचारलं, "आरं, मंग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमीच म्हनला हुता," कानिफ म्हणाला, "नशीब लागतं."

रंगनाथच्या काळजाला घरं पडली. कुणी जोड्यानं मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. पोरानं कुरकुर केली होती, आणि आपण पाठीवर थाप मारून त्याला पुन्हा त्याच दारात नेऊन सोडलं होतं, वर दुधाचा तांब्या देऊन. त्या पोरापाशी स्वतःला राखायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून त्यानं आपला गळा मिटून घेतला होता. ज्या गळ्याचं आपण गावभर कौतुक सांगत फिरलो, तो त्याला जड झाला होता. रंगनाथला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं आणि बुवाला धरून बडवावंसंही वाटलं. त्याचा हात गोफणीकडं गेला. तेव्हा कानिफ घाबरून म्हणाला, गावात सांगू नका, पोरं चिडवतील. रंगनाथनं गोफण खाली ठेवली.

"तुजं काय बी चुकलं न्हाई," तो म्हणाला. "चुकलं माजं. आता तिकडं जायचं न्हाई. घसा बसू दे न्हाईतर उठू दे, तुज्या मनाला यील तवा गा."

मग दोघं बांधावर भाकरी सोडून बसले. कानिफनं दीड भाकरी खाल्ली. रंगनाथनं आपल्या वाटची पुन्हा फडक्यात बांधली, तरी पोराला जेवताना बघून त्याला जरा बरं वाटलं.

घरी आल्यावर त्यानं केशरबाईला सारं सांगितलं. ती चुलीपुढं बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं डोळ्याला पदर लावला आणि कुणाला दोष न देता म्हणाली, "पोरींभवती कुंपन घातलं अन् पोरं रानात मोकळी सोडली. तुमी सोडली, मी बी सोडली." मग ती उठली. बाकीच्या पोरांपैकी कुणाला काही झालं का, हे आधी विचारायचं ठरलं. तिनं एकेकाला हाक मारून, हातावर गूळ ठेवून, गोडीगोडीनं विचारलं. दोघा-तिघांनी पाय चेपले होते, पण दार उघडं होतं. त्याच्या पलीकडं काही नव्हतं. केशरबाईचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी सकाळी नबीलालला बोलावून घेतलं. त्याचं मत पडलं की कोल्हारच्या चौकीत वर्दी द्यावी. पण तसं केलं तर पोराला चारचौघांत उभं राहून सांगावं लागणार. तेव्हा केशरबाईनं कानिफलाच विचारलं. त्यानं नको म्हणून मान हलवली. ती म्हणाली, बास झालं, आता त्याच्या मनाविरुद्ध काही होणार नाही.

खोली पंचांनी दिलेली, म्हणून तिघं काकासाहेबांकडं गेले. पोराचं नाव त्यांनी सांगितलं नाही. काकासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि म्हणाले, सप्ताह तोंडावर आलाय, पंचक्रोशीला आवतणं गेलीत. गाडा ओढून नेऊ या, उठल्यावर बघू. शिवाय एवढ्या गुणी माणसावर एका पोराच्या बोलण्यावरून आळ कसा घ्यायचा? रंगनाथ काही बोलणार तोच दारात उभी असलेली केशरबाई आत आली.

"काकासाहेब," ती म्हणाली, "दुसऱ्या पोरानं येऊन सांगायची वाट बघायची का?"

काकासाहेबांना दोन नातू होते, आणि दोघेही मंडळात टाळ वाजवत. हातातलं पान त्यांनी तसंच तबकात ठेवलं, खुंटीवरची टोपी काढली आणि चला म्हणाले.

भर दुपारी ते देवळामागच्या खोलीवर गेले. कुणी हात उगारायचा नाही असं ठरलं होतं. नबीलालनं कापड मोजायचा लोखंडी गज बरोबर घेतला होता, पण तो सहज, सवय म्हणून. बुवांनी आधी नवल दाखवलं, मग ते चिडले, गुरुसेवा कशाशी खातात हे तुम्हा नांगरगट्ट्यांना काय कळणार म्हणाले. रंगनाथ एवढंच म्हणाला, "सेवेला कडी लागत न्हाई, बुवा." त्यावर बुवांची नजर खाली गेली, आणि गज हातात घेऊन आलेल्या नबीलालला तेवढी खाली गेलेली नजर पुरे झाली. त्यानं बुवांची ट्रंक उचलून दाराबाहेर ठेवली. पेटी मंडळाची होती, ती राहिली. बैलगाडीतून कोल्हारच्या स्टँडवर नेऊन त्यांना श्रीरामपूरच्या एस.टी.त बसवून दिलं.

ब्याद टळली, काकासाहेब परत येताना म्हणाले. नबीलाल म्हणाला, "टळली कुठं? पुढच्या गावाला गेली." बुवांचं पुढचं आमंत्रण श्रीरामपूरजवळच्या एका मंडळाचं होतं, हे रंगनाथला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिकडं जायला निघाला तर स्टँडवर काकासाहेब आधीच येऊन उभे. म्हणाले, तुझ्या फेट्यापेक्षा माझ्या टोपीला जास्त वजन आहे. दोघांनी त्या मंडळाच्या प्रमुखाला गाठून, पोराचं नाव न घेता, जे सांगायचं ते तोंडावर सांगितलं. माणूस समजूतदार निघाला. त्यानं चहा पाजला आणि आपल्याकडच्या पोरांसाठी हात जोडले.

त्या संध्याकाळी मंडळाची तालीम होती. रंगनाथनं पोरांच्या आईबापांनाही बोलावलं होतं. बुवा का गेले याची कुजबूज चालू होती, आणि त्यानं एवढंच सांगितलं की पोरांशी वागायची त्यांची रीत आम्हांला पटली नाही. मग सप्ताहासाठी पुसून ठेवलेली वीणा त्यानं गळ्यात घातली. सप्ताहात ही वीणा रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात असते. एकाचा पहारा संपला की तो ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, त्याच्या पाया पडतो आणि मगच घरी जातो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"आपन वीना सात दिस खाली ठेवत न्हाई," रंगनाथ म्हणाला. "ह्याच्या गळ्यातनं त्याच्या गळ्यात. घडीभर एकटी सोडत न्हाई. अन् ती लाकडाची हाय. पोरं आपली हाडामासाची, ती आपन कुटं बी ठेवून येतो. आजपासनं पोरांना बी पहारा. पोरींना हाय तसाच पोरांना."

पहारा कसा, तेही त्यानं सांगितलं. तालमीला दोन थोर माणसं बसल्याशिवाय टाळ वाजणार नाही. कुठलंही पोर कुठल्याही थोर माणसाबरोबर एकटं, दाराआड बसणार नाही, मग तो गुरू असो की देवळाचा पुजारी. पाय ज्याचे त्यानं चेपावेत. कुणी एखाद्या पोराला म्हणालं की हे घरी सांगू नको, तर ते पोरानं आधी केशरबाईला सांगायचं, आणि ती ऐकून घेईल, मारणार नाही. हे सगळं गावातल्या प्रत्येकाला लागू. "माज्यासकट," तो म्हणाला.

म्हातारा सहादेव टाळकरी मागून कुरकुरला, म्हणजे आम्ही सगळे चोर ठरलो का? नबीलाल ढोलकीची दोरी आवळत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "सहादेवअण्णा, वीनेला पहारा देतोस, तवा तू चोर अस्तोस व्हय?" देऊळभर हशा पिकला. सहादेवही हसला, आणि पहिल्या पहाऱ्याला आपणच बसतो म्हणाला. झुंबरबाईनं जाहीर केलं की पोरं असोत नाहीतर पोरी, तिच्या नजरेत सगळी सारखीच द्वाड आहेत.

सप्ताह झाला. पोरांचं भजन बुवांशिवाय झालं आणि मध्यावर चांगलंच घसरलं, पण जहिरानं लय सोडली नाही आणि तिच्या मागनं बाकीचे पुन्हा रुळावर आले. लोकांनी पसंतीच्या माना डोलावल्या. कानिफ पहिल्या रांगेत टाळ घेऊन बसला होता. त्यानं टाळ चोख वाजवले, तोंड मात्र उघडलं नाही. पाव्हण्यारावळ्यांनी विचारलं, तुमचा तो गोड गळ्याचा पोरगा कुठला? रंगनाथ म्हणायचा, घसा बसलाय त्याचा, उठेल तेव्हा उठेल. हे म्हणताना आत तुटायचं, पण पोराला दिलेला शब्द त्यानं मोडला नाही. एकदाही गा म्हणाला नाही. रानात आरोळी ऐकू येते का म्हणून बांधावर जाऊन उभा राहायचा मोह झाला, तोही त्यानं आवरला. केशरबाईला सांगायचा, तो आता गायलाच नाही तरी चालेल मला. ती म्हणायची, चालेल म्हणता अन् रात्रभर कूस बदलता.

होळी झाली. ज्वारी निघाली, माळा मोडला, कांदे काढायला आले. एका दुपारी रंगनाथ देवळात एकटाच बसून चिंचेच्या कोळानं टाळ घासत होता. शाळा नुकतीच सुटली होती. कानिफ दप्तर काखेत मारून आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. बराच वेळ तो टाळांकडं बघत होता.

"मामा," तो म्हणाला, "ती जुनी चाल वरच्या पट्टीत घ्यायची का?"

आवाज स्वच्छ होता. घाई केली तर पाखरू उडून जाईल असं वाटून रंगनाथनं चिंचेनं माखलेले हात सावकाश धुतले, धोतराला पुसले, पेटी पुढं ओढली आणि शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला, ये, बस.

कानिफ आत आला नाही. त्यानं देवळात इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"हितं दुसरं कुनी न्हाई," तो म्हणाला. "थांबा, झुंबरआजीला आनतो."

"आरं, मी हाय की. तुजा मामा."

"तुमच्यासकट," कानिफ म्हणाला, आणि दप्तर उंबऱ्यावर टाकून पळाला.

क्षणभर रंगनाथला झोंबलं. ज्याला पदरात घेतलं त्यानं आपल्याला पहारा लावावा. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हे पोरगं आज पहिल्यांदा एका थोर माणसाला नाही म्हणालं, तोंडावर, आवाज न घोगरा करता, आणि न घाबरता. त्याला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. साळूबाईनं आपलं लेकरू पदरात घातलं होतं ते आज खरं सांभाळलं गेलं, असं त्याला वाटलं. त्यानं पेटी उचलली आणि देवळाच्या पायरीवर, भर उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आणून ठेवली.

थोड्या वेळानं गल्लीच्या वळणावर झुंबरबाई दिसली. दुपारची डोळा लागायची वेळ मोडली म्हणून ती मामा-भाच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत येत होती, आणि कानिफ तिचा हात धरून तिला ओढत पुढं चालला होता.